डोकं पुन्हा पुन्हा का दुखतं? किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी

पालकांच्या पत्रांमध्ये एक तक्रार सतत येते. मुलगी नववीत आहे, महिन्यातून पाच-सहा वेळा डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडून राहते, उलटी होते, शाळा बुडते. चष्म्याचा नंबर तपासून झाला, सायनसचा एक्स-रे झाला, पित्ताच्या गोळ्या झाल्या, एमआरआयसुद्धा झाला. सगळं नॉर्मल. मग कारण काय? आणि याच प्रश्नाखाली अनेकदा संकोचाने लिहिलेली आणखी एक ओळ असते: की ती अभ्यास टाळायला असं करतेय?

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी. मुलीचं दुखणं खरं आहे असं धरूनच चाला. मायग्रेनचा अटॅक ओसरला की मूल तासाभरात हसू-खेळू लागतं, आणि त्यामुळेच घरच्यांना शंका येते. पण अटॅकच्या मधल्या काळात पूर्ण बरं असणं हे याच आजाराचं लक्षण आहे. घरात विश्वास नसेल तर मूल लक्षणं लपवायला लागतं किंवा वाढवून सांगायला लागतं, आणि दोन्ही वेळा कारण शोधण्याचं काम अडतं.

प्रश्न एक नाही, दोन आहेत

'कारण शोधायचं' म्हणताना आपण दोन वेगळे प्रश्न एकत्र करतो.

- हे दुखणं मायग्रेनच आहे, की दुसऱ्या एखाद्या आजाराचं लक्षण आहे? याचं उत्तर डॉक्टर देतात.
- मायग्रेन असेल, तर अटॅक कशाने येतात? याचं उत्तर घरात मिळतं, आणि बहुतेक वेळा मूल स्वतःच ते शोधतं.

मायग्रेनकडे मेंदूचा कल मुळातच असतो आणि तो बऱ्याचदा घराण्यातून येतो. आजीचं 'पित्ताचं डोकं', मावशीची अर्धशिशी, बाबांना उन्हात फिरून आल्यावर होणारी उलटी, हे सगळं एकदा आठवून लिहून काढा. हा कल कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ पहिल्या प्रश्नाचा मोठा भाग सुटला. त्याच प्रश्नासाठी तपासण्यांवर तपासण्या करण्यात पैसा जातो आणि दुसरा प्रश्न तसाच राहतो.

आधी ही लक्षणं पाहा

ताबडतोब रुग्णालयात न्या, गरज पडल्यास १०८ वर फोन करा:

- क्षणार्धात सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी प्रचंड डोकेदुखी
- डोकेदुखीबरोबर ताप आणि मान ताठ होणं, किंवा मूल गुंगीत जाणं, असंबद्ध बोलणं
- हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, झटके येणं
- डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारं दुखणं

दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा:

- पहाटे डोकेदुखीने जाग येणं, उठल्याउठल्या उलट्या होणं
- खोकल्यावर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर दुखणं वाढणं
- चालताना तोल जाणं, एकाचं दोन दिसणं, स्वभावात अचानक बदल
- फक्त डोक्याच्या मागच्या भागात दुखणं
- जुन्या डोकेदुखीची तऱ्हा बदलणं, किंवा ती आठवड्यागणिक वाढत जाणं

यातलं काही असेल तर पुढचा लेख नंतर वाचा.

मायग्रेन कसं ओळखतात

मायग्रेनचं निदान हकिकतीवरून होतं. डॉक्टर साधारण असं पाहतात: असे निदान पाच अटॅक येऊन गेलेत का, औषध न घेतल्यास प्रत्येक अटॅक किमान दोन तास आणि जास्तीत जास्त तीन दिवस टिकतो का, दुखणं ठणकणारं आहे का, जिना चढल्यावर वाढतं का, मळमळ-उलटी होते का, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात का. मोठ्या माणसांत बहुधा अर्धं डोकं दुखतं. मुलांमध्ये ते कपाळावर, दोन्ही बाजूंना दुखू शकतं. त्यामुळे 'अर्धं दुखत नाही, म्हणजे अर्धशिशी नाही' हा तर्क चुकीचा ठरतो.

काही मुलांना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, नजरेतला एखादा भाग पुसल्यासारखा होतो, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. हे पाच मिनिटं ते तासभर चालतं. याला ऑरा म्हणतात. तो पहिल्यांदाच आला असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरला त्याबद्दल आठवणीने सांगा.

आपल्याकडे तीन समजुतींपायी वर्षंच्या वर्षं जातात.

पहिली पित्ताची. उलटी झाल्यावर बरं वाटतं, म्हणून पित्त उठलं होतं असं घरात ठरतं. मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं आणि उलटी होते. कित्येक मुलांचा अटॅक उलटी होऊन झोप लागल्यावरच थांबतो. आम्लपित्ताच्या गोळीने अटॅक कमी होत नसतील तर ती वर्षानुवर्षं देत राहू नका.

दुसरी सायनसची. मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं. स्कॅनमध्ये सायनसचं अस्तर थोडं जाड दिसणं ही तर फार सामान्य गोष्ट आहे. ताप नाही, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव नाही आणि दुखणं काही तासांत जातं, तर सायनसवर थांबू नका.

तिसरी चष्म्याची. नंबर जरूर तपासा, पण नंबरामुळे दुखणारं डोकं वाचन-लेखनानंतर जड होतं. त्यात सहसा उलट्या होत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना

सुरुवात बालरोगतज्ज्ञ किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून करा. निदानाबद्दल शंका असेल, वर दिलेल्या लक्षणांपैकी काही असेल, किंवा महिन्यातले बरेच दिवस वाया जात असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या शालेय तपासणीतूनही जिल्हा रुग्णालयाकडे पाठवता येतं. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत.

चांगल्या तपासणीत रक्तदाब, वजन, चालण्याची आणि तोलाची चाचणी होते, आणि डोळ्यांत थेंब घालून किंवा न घालता डोळ्याचा पडदा पाहिला जातो. हे शेवटचं राहून जातं. डोक्यातला दाब वाढला असेल तर त्याची खूण बहुधा पडद्यावर दिसते, आणि हे पाहायला महागडं यंत्र लागत नाही. राहिलं असेल तर विनासंकोच विचारा: "डोळ्याचा पडदा बघितला का?"

हकिकत मायग्रेनसारखी असेल आणि तपासणीत काही वावगं नसेल तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनची सहसा गरज नसते. सीटीमध्ये किरणोत्सर्गही असतो. झटके येत नसतील तर नुसत्या डोकेदुखीसाठी ईईजीचा उपयोग नाही. तपासणी सुचवली तर "यातून काय निघालं तर उपचार बदलतील?" हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेण्याचाही आहे, आणि उपचारांच्या नोंदींच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळण्याचाही. जुने रिपोर्ट नीट ठेवले तर त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

मूल घेत असलेली सगळी औषधं सांगा, मुरुमांचीसुद्धा. डॉक्सीसायक्लीन, मिनोसायक्लीन आणि आयसोट्रेटिनॉइन या मुरुमांवरच्या औषधांमुळे क्वचित डोक्यातला दाब वाढतो. वाकून उठल्यावर क्षणभर डोळ्यांसमोर अंधार येणं, कानात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज येणं ही त्याची लक्षणं. त्वचारोगतज्ज्ञांकडून आणलेली गोळी डोकेदुखीच्या डॉक्टरांना सांगावी हे बहुतेक घरांत कुणालाच सुचत नाही.

आणि एक विनंती. पाच-दहा मिनिटं खोलीबाहेर थांबा. शाळेत होणारा त्रास, पाळी, रात्री उशिरापर्यंत चालणारा फोन, सिगारेट, कुणाशी तरी तुटलेलं नातं, यातलं बरंच काही पंधरा-सोळा वर्षांचं मूल आईवडिलांसमोर बोलत नाही.

नोंद कुणी ठेवायची आणि काय लिहायचं

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नोंदीशिवाय मिळत नाही. आठवणीवर विसंबलं तर शेवटचा अटॅक आणि त्या दिवशी खाल्लेली पाणीपुरी एवढंच लक्षात राहतं. किमान आठ आठवडे, आणि मुलीची पाळी सुरू झाली असेल तर तीन पाळ्यांपर्यंत लिहा.

भिंतीवरचं कालनिर्णय त्यासाठी उत्तम. संकष्टी, एकादशी, नवरात्र त्यात आधीच छापलेलं असतं, त्यामुळे उपवास आणि डोकेदुखी एकाच दिवशी येतात का ते नजरेत भरतं. मात्र भिंतीवरची खूण पाहुण्यांनाही दिसते. पाळीची नोंद मुलीला तिच्या वहीत किंवा फोनमध्ये ठेवायची असेल तर तसं ठेवू द्या.

लिहायच्या गोष्टी मोजक्याच हव्यात:

- दुखणं कधी सुरू झालं, कधी थांबलं, दहापैकी किती दुखलं
- आदल्या रात्री झोपायची आणि त्या दिवशी उठायची वेळ
- कुठलं जेवण चुकलं किंवा फार उशिरा झालं
- कुठली गोळी, किती वाजता घेतली, किती वेळात उतार पडला
- पाळीचे दिवस
- त्या दिवशी किंवा आदल्या दिवशीचं वेगळं काही: परीक्षा, सामना, प्रवास, ऊन, भांडण
- शाळा बुडली का, खेळ किंवा क्लास बुडला का

डोकं न दुखलेल्या दिवसांचीही झोप आणि जेवण लिहा. फक्त दुखण्याचे दिवस लिहिले तर तुलनाच करता येत नाही. मंगळवारी क्लासला उशीर झाल्यावर डोकं दुखलं, पण उशीर झालेल्या दुसऱ्या तीन मंगळवारी दुखलं नाही, हे रिकाम्या दिवसांच्या नोंदीतूनच कळतं.

वही मुलाच्या हातात असू द्या. रोज संध्याकाळी "आज दुखलं का?" असं विचारू नका. सतत विचारल्याने लक्ष डोक्याकडेच राहतं आणि घराचं सगळं बोलणं आजाराभोवती फिरू लागतं. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा, दोघांनी बसून नोंद पाहा.

कुठे शोधायचं

एखादीच गोष्ट दरवेळी अटॅक आणते असं क्वचित घडतं. झोप कमी झाली, न्याहारी राहिली आणि उन्हात कवायत झाली, असं दोन-तीन गोष्टी जुळून आल्यावर अटॅक येतो. म्हणूनच 'कालही उपाशी होती, तेव्हा नाही दुखलं' असं म्हणून एखादा संशय लगेच सोडून देऊ नका.

झोप. मला सगळ्यात आधी संशय इथेच येतो. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. सकाळी सहाचा क्लास, रात्री बारापर्यंत फोन आणि रविवारी अकराला उठणं, या क्रमात झोप कमी पडते आणि तिची वेळही दर आठवड्याला सरकते. मायग्रेनच्या मेंदूला हे सरकणंच सोसत नाही; रविवारी दुपारी किंवा सोमवारी येणारे अटॅक बऱ्याचदा यातूनच येतात. सुटीच्या दिवशी नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त उशिरा उठू नये. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

जेवण, पाणी, चहा. सकाळी फक्त चहा पिऊन बाहेर पडणं, डबा तसाच परत आणणं, शाळेतलं स्वच्छतागृह नको वाटतं म्हणून पाणीच न पिणं. हे शेवटचं मुलींमध्ये फार आढळतं आणि घरी कुणाला माहीतही नसतं. उपवासात साबुदाणा खिचडी दुपारी दोनला खायची असेल तर सकाळी दूध-केळं घेऊ द्या. निर्जळी उपवास मायग्रेन असलेल्या मुलीला करू देऊ नका. घरातल्या मोठ्यांना हे तुम्हीच सांगायला हवं, तिच्यावर सोडू नका. रोज तीन-चार कप चहा-कॉफी पिणाऱ्या मुलाचा चहा एखाद्या दिवशी चुकला तरी डोकं दुखतं. तो हळूहळू कमी करा.

न्हाणं आणि न्हाणीघर. डोक्यावरून अंघोळ केल्यावर अटॅक येणं हे आपल्याकडे विशेष दिसतं. मुंबईतले डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आहेत. लांब, दाट केस बराच वेळ ओले राहत असतील तर न्हायचा दिवस नोंदीत लिहा, आणि परीक्षेच्या सकाळी न्हाणं टाळा. पण अंघोळीनंतर दुखण्याचं एक धोकादायक कारणही असतं. बंद न्हाणीघरात गॅस गीझर असेल आणि अंघोळ करताना किंवा लगेच नंतर डोकं दुखून गरगरत असेल, घरातल्या दुसऱ्या कुणालाही तसं होत असेल, तर तो कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी गीझर बंद करा आणि तो न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवल्याशिवाय वापरू नका.

पाळी. वयात येण्याआधी मुलगे आणि मुलींमध्ये मायग्रेनचं प्रमाण जवळपास सारखं असतं. नंतर ते मुलींमध्ये वाढतं. पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पहिले तीन दिवस या काळात अटॅक येतात का ते पाहा. तीन पाळ्यांत हा मेळ दिसला तर त्याच दिवसांपुरतं औषध डॉक्टर देऊ शकतात. गौरी-गणपतीत किंवा लग्नकार्यात पाळी पुढे ढकलायची गोळी परस्पर देऊ नका. ऑरा येत असेल तर हार्मोनच्या कुठल्याही गोळीआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

ताण. परीक्षेच्या दिवसांत डोकं ठीक राहतं आणि पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अटॅक येतो, हे पाहून पालक म्हणतात, मग ताण कसला? ताण उतरतानाही अटॅक येतात. विशिष्ट वाराला किंवा विशिष्ट तासाआधी दुखत असेल तर शाळेत काय चाललंय ते प्रेमाने विचारा. मूल सतत उदास असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. जगणं नको वाटतं असं ते बोललं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

खाण्याचे पदार्थ. यावर लोक सर्वात जास्त वेळ घालवतात आणि हाती सर्वात कमी लागतं. अटॅक सुरू व्हायच्या काही तास आधी मेंदूत बदल सुरू झालेले असतात. तेव्हा जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. म्हणून चॉकलेट खाल्लं जातं, आणि नंतर दोष चॉकलेटवर येतो. एखाद्या पदार्थानंतर दरवेळी त्रास होतोय असं नोंदीत स्पष्ट दिसलं तरच तो बंद करा. वाढत्या वयात दूध, गहू, आंबट असं एकदम सगळं तोडू नका. 'कोणते पदार्थ चालत नाहीत' सांगणाऱ्या महागड्या रक्ततपासण्यांनी मायग्रेनचं कारण ठरत नाही.

संशय पक्का करायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन-चार आठवडे थांबा. आधी झोपेची वेळ आणि न्याहारी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही.

गोळ्यांनीच दुखणारं डोकं

नोंदीतला गोळ्यांचा रकाना नीट मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामीन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते. औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या मिश्र गोळ्यांचा हा धोका पालकांना बहुधा कुणी सांगितलेला नसतो. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस गोळी लागतेय असं दिसलं की डॉक्टरांकडे जा.

- गोळी दुखणं सुरू झाल्याझाल्या द्या. 'सहन होईल तोवर बघू' म्हणून थांबलं की तिचा असर कमी होतो.
- मात्रा वजनावर ठरते. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन किती मिलिग्रॅम द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. लहान मात्रेने उतार पडत नाही आणि गोळ्यांची संख्या वाढते.
- या वयात ॲस्पिरिन नको.
- पावसाळ्यात डोकेदुखीबरोबर ताप असेल तर तो डेंगी असू शकतो. निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन देऊ नका.

रोज घ्यायची प्रतिबंधक औषधं सुचवली गेली तर घाई करू नका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ८ ते १७ वर्षांच्या मुलांना ॲमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट किंवा औषध नसलेली गोळी दिली होती. तिन्ही गटांत निम्म्याहून अधिक मुलांचे डोकेदुखीचे दिवस निदान अर्ध्यावर आले, आणि औषधांचा गट वरचढ ठरला नाही. औषध कधीच देऊ नये असा याचा अर्थ नाही. दुष्परिणाम विचारून घ्या: दमा असलेल्या मुलाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, फ्लुनारिझीनने झोप आणि वजन वाढतं, टोपिरामेटने भूक कमी होते आणि मुंग्या येतात, मुलींना व्हॅल्प्रोएट शक्यतो देत नाहीत. वेदनेशी जुळवून घ्यायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत, म्हणजे सीबीटी, हिचा मुलांना चांगला उपयोग होतो. ती सुचवली तर 'मुलाला वेड लागलंय का' असं मनात आणू नका.

शाळेत काय मागायचं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांच्या यादीत मायग्रेनचं नाव नाही. त्यामुळे केवळ या निदानावर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ हक्काने मागता येत नाही. पण शाळेच्या पातळीवर बरंच काही होतं. डॉक्टरांचं पत्र जोडून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि एवढं मागा:

- वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि स्वच्छतागृहात जाण्याची मुभा
- दुखणं सुरू होताच गोळी घेऊन अर्धा-एक तास शांत खोलीत पडण्याची सोय
- खिडकीच्या झगझगीत उजेडापासून आणि कडक उन्हातल्या कवायतीपासून सूट
- बुडलेल्या चाचणीला पर्यायी दिवस

सीबीएसईत ७५ टक्के हजेरी लागते आणि आजारपणाच्या कागदपत्रांवर सवलत मिळू शकते. ते कागद वर्षअखेरीस गोळा करणं अवघड जातं. प्रत्येक गैरहजेरीचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात शाळेत द्या. आणि अर्धा तास पडून बरं वाटलं तर मुलाला वर्गात परत जाऊ द्या, घरी न्यायला लगेच धावू नका. शाळा जितकी जास्त बुडते तितकं परत जाणं कठीण होतं.

आठ आठवड्यांची नोंद घेऊन डॉक्टरांकडे परत जा. दुखण्याचे दिवस महिन्याला १५ पर्यंत गेले असतील, गोळीने दोन तासांत उतार पडत नसेल, किंवा आठवड्याला एखादा दिवस शाळा बुडत असेल, तर ही भेट आठ आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच घ्या.